मालक गेले आणि कॉम्प्युटरला कुलूप राहिलं

(आपल्या प्रभागसंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत एका गटाच्या सचिव ताईंनी केलेलं हे मनोगत. ज्या भगिनींना सभेला येता आलं नाही त्यांच्यासाठी, आणि ज्या आल्या होत्या त्यांना पुन्हा वाचता यावं म्हणून, ताईंच्याच शब्दांत देत आहोत.)



मला माईकवर बोलायची सवय नाही. गटाच्या बैठकीत इतिवृत्त वाचते, तेवढंच माझं भाषण. पण मागच्या महिन्यात शेजारच्या गावातल्या एका सखीचे मालक वारले, आणि चारच दिवसांनी तिचा मला फोन आला. "ताई, ह्यांच्या लॅपटॉपला पासवर्ड आहे. कोणालाच माहीत नाही. आता काय करू?" तिला मी जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगायला उभी राहिले आहे. तीन वर्षांपूर्वी हाच प्रश्न माझ्यापुढे होता, आणि तेव्हा मला सांगणारं कोणी नव्हतं.

आधी एक विचारते. तुमच्या घरात कॉम्प्युटर असेल, लॅपटॉप असेल, निदान मोठा फोन तर आहेच. तो ज्याचा आहे त्याच्याशिवाय घरातल्या दुसऱ्या कोणाला उघडता येतो का? ज्यांच्या घरात येतो त्यांनी हात वर करा. बघा, मोजण्याइतकेच हात आहेत. माझाही तेव्हा खालीच असता.

आमच्या मालकांचं गावात दूध संकलन केंद्र होतं. सकाळ-संध्याकाळ मिळून साडेतीनशे लिटरच्या आसपास दूध यायचं. अडतीस उत्पादक, त्यातल्या जवळजवळ निम्म्या आपल्याच गटांतल्या बाया. फॅटचं मशीन, काटा, आणि टेबलावर एक कॉम्प्युटर. कोणाचं किती लिटर, फॅट किती, कोणी पेंडीची पोती उधार नेली, कोणी उचल घेतली, सगळं त्या कॉम्प्युटरमध्ये. दहा दिवस झाले की ते बिल काढायचे आणि ज्याचा त्याला दुधाचा पगार द्यायचे. मी घरातलं बघायची, शेण-धारा बघायची, पण त्या टेबलापलीकडे कधी गेले नाही. त्यांनी येऊ दिलं नाही असं नाही. मलाच वाटायचं, ते त्यांचं काम, आपल्याला काय करायचंय.

श्रावणात, महिन्याच्या बारा तारखेला पहाटे त्यांच्या छातीत दुखायला लागलं. तालुक्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. वय शेहेचाळीस. आदल्या दहा दिवसांचं बिल काढायचं राहिलं होतं.

दुःखाचं मी सांगत नाही, तुमच्यातल्या कितीतरी जणींना ते माहीत आहे. हिशेबाचं सांगते. तेराव्याला लोक जेवून उठले, आणि एक म्हातारी आजी माझ्याजवळ येऊन बसली. हळूच म्हणाली, "सूनबाई, आज विचारू नये, पण पोराच्या शाळेची फी भरायचीय. आमच्या दुधाचं काय?" तिचं काही चुकलं नव्हतं. तिची एकच गाय, त्याच पैशावर घर. तिच्या मागून दुसऱ्या दोघी आल्या, मग संध्याकाळी पुरुषमंडळी आली. ज्यांचं येणं होतं ते सगळे आले. आणि ज्यांच्याकडे आमचं देणं होतं, पेंडीचं, उचलीचं, त्यातला एकही बोलला नाही. माणसं वाईट नव्हती. पण आकडा कोणालाच नीट माहीत नव्हता, आणि आकडा माहीत नसला की ज्याला द्यायचं असतं त्याला विसर पडतो.

पावत्या होत्या म्हणाल, तर होत्या. मशीनमधून निघणारी ती छोटी पावती बायांनी डब्यात, फडताळात जपून ठेवली होती. पण तो कागद थर्मल असतो. उन्हाला, उबेला धरला की त्यावरची अक्षरं उडतात. चुलीजवळ ठेवलेल्या पावत्या तर कोऱ्या झाल्या होत्या.

मग मी पहिल्यांदा त्या खुर्चीवर बसले. पुतण्यानं कॉम्प्युटर चालू केला. पडद्यावर ह्यांचा फोटो आला आणि खाली एक रिकामी चौकट, पासवर्ड टाका म्हणून. आम्ही लेकीचं नाव टाकलं, लेकाचं टाकलं, गावाचं, कुलदैवताचं, ट्रॅक्टरचा नंबर, लग्नाची तारीख. काही लागेना. घरात सगळे माझ्याकडे बघत होते. सासूबाई म्हणाल्या, "वीस वर्षं संसार केलास, आणि एवढं ठाऊक नाही?" त्या बोलण्याचा राग आला नाही, लाज वाटली. आज तुम्हाला सांगते, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पासवर्ड न सांगणं म्हणजे अविश्वास नव्हे. त्यांनी लपवला नव्हता, मी विचारला नव्हता. मरण येईल असं धरून कोण चालतं?

पुतण्या कॉम्प्युटर मोटारसायकलवर बांधून तालुक्याच्या एका दुकानात घेऊन गेला, मी मागे बसले. दुकानदारानं बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "पासवर्ड विसरलाय ना? फॉर्मॅट मारून देतो. पाचशे रुपये. तासाभरात नव्यासारखा चालू होईल." मी पिशवीतून पाचशेची नोट काढली होती. खरंच सांगते, नोट हातात होती.

आमच्या गटातल्या एका सखीची लेक कॉलेजला कॉम्प्युटर शिकते. ती त्या दिवशी आमच्यासोबत आली होती. तिनं माझा हात धरला. म्हणाली, "काकू, थांबा. तुम्हाला कॉम्प्युटर चालू करून हवाय, की त्याच्या आतलं हवंय?"

सख्यांनो, माझ्या सगळ्या बोलण्यातलं एवढं एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी चालेल. फॉर्मॅट मारणं म्हणजे पाटी पुसणं. पाटी स्वच्छ होते, नवं लिहिता येतं, पण आधीचं लिहिलेलं जातं. दुकानदार खोटं बोलत नव्हता, कॉम्प्युटर चालू झालाच असता. पण त्यातून अडतीस घरांचा हिशेब गेला असता, आणि मी पाचशे रुपये देऊन तो घालवला असता. त्यानं आत काय आहे ते विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

त्या पोरीच्या ओळखीनं आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी दुसऱ्या एका कारागिराकडे गेलो. त्यानं आधी कॉम्प्युटरला हातच लावला नाही. विचारलं, "हा कोणाचा? तुम्ही त्यांच्या कोण?" मृत्यूचा दाखला बघितला, माझं आधार कार्ड बघितलं, आणि माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतलं की हा कॉम्प्युटर माझ्या मयत पतीचा आहे, मी वारस आहे, आणि आतली माहिती काढायला माझी संमती आहे. पुतण्याला ते आवडलं नाही, म्हणाला, नुसती कटकट. मला मात्र बरं वाटलं. जो उघडायच्या आधी विचारतो त्याच्याकडेच कुलूप द्यावं. चोरीचा लॅपटॉप घेऊन आलेल्यालाही तो हेच विचारणार ना?

मग त्यानं मला समजावून सांगितलं, ते मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. कॉम्प्युटरच्या डब्यात हार्ड डिस्क नावाची तळहाताएवढी एक चपटी पेटी असते. सगळं लिहिलेलं त्या पेटीत असतं. जुन्या साध्या कॉम्प्युटरला जो पासवर्ड असतो, तो घराच्या पुढच्या दाराचं कुलूप असतं. आतली फडताळं उघडीच असतात. म्हणून ती पेटी बाहेर काढून एका वायरनं दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली, तर आतल्या फाईली वाचता येतात. पासवर्ड शोधावाच लागत नाही, आणि आतलं काही पुसलंही जात नाही.

त्यानं माझ्यासमोर चार स्क्रू काढले, पेटी काढली, जोडली. ह्यांच्या नावाचं फोल्डर दिसलं. त्यावर दाबलं तर त्यानं परवानगी नाही म्हणून सांगितलं, पुढे जायचं का ते विचारलं. त्यानं होय म्हटलं. वरच्या बाजूला एक हिरवी पट्टी हळूहळू सरकायला लागली. मी ती पट्टी बघत बसले. धार काढताना भांडं कधी भरतंय म्हणून बघतो ना, तसं.

फोल्डर उघडलं. त्यानं आधी सगळ्याची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली, मग ती प्रतच उघडली. मूळ पेटीला पुन्हा हात लावला नाही. चार तास लागले. मी तिथून हलले नाही. हेही सांगून ठेवते, आपल्या माणसाचा कॉम्प्युटर दुकानात सोडून येऊ नका. त्यात फोटो असतात, कागदपत्रं असतात, आधारच्या प्रती असतात. त्या आपल्या घरच्या आहेत. शेजारी बसा, प्रत आपल्या ताब्यात घ्या, आणि त्यांच्याकडे काही उरलेलं नाही ना, ते विचारून घ्या.

दुधाच्या हिशेबाचं जे सॉफ्टवेअर होतं, ते दुसऱ्या कॉम्प्युटरवर लगेच उघडलं नाही. ते ज्यानं बसवून दिलं होतं, त्याला नंतर बोलवावं लागलं. पण मालकांनी दर दहा दिवसांचं बिल वेगळं साठवून ठेवलं होतं, आणि चालू दहा दिवसांचा रोजचा तक्ताही होता. शेवटची नोंद अकरा तारखेच्या संध्याकाळची होती.

घरी येऊन लेकीनं आणि मी सगळं कागदावर काढलं. मग मारुतीच्या देवळात सगळ्या उत्पादकांना बोलावलं. गटात आपण हिशेब कसा वाचतो? सगळ्यांसमोर, मोठ्यानं, एकेकीचं नाव घेऊन. तसाच वाचला. ज्यांच्या पावत्यांवर अक्षरं उरली होती, त्यांनी त्या ताडून बघितल्या. आकड्याला आकडा लागला. लोकांचं आमच्याकडे येणं लाखाच्या वर होतं, आणि आमचं लोकांकडे पेंडीचं, उचलीचं चौसष्ट हजार. नावानिशी वाचल्यावर कोणी नाही म्हटलं नाही. दोघांनी तिथंच पैसे काढून दिले. बाकीच्यांनी दर बिलातून कापून घ्या म्हणून सांगितलं.

त्या तक्त्यात पहिल्या नंबरला कोणाचं नाव होतं सांगू? तिथं 'घर' असं लिहिलं होतं. 'घर, अर्धा लिटर. घर, अर्धा लिटर.' रोजचं. मी सकाळी चहाला कॅनमधून तांब्याभर दूध काढून घ्यायची. आपलंच केंद्र, त्यात काय. आणि हे गडी ते रोज लिहून ठेवायचे आणि त्याचे पैसे बिलात भरायचे. मला कधी बोलले नाहीत. तो कॉम्प्युटर त्या दिवशी पुसला गेला असता, तर हे मला कधीच कळलं नसतं.

इथपर्यंतचं चांगलं सांगितलं. आता जे चुकलं ते सांगते, कारण तुम्हाला उपयोग त्याचाच आहे.

मालकांचा फोन आम्ही बंद करून कपाटात ठेवला. रिंग वाजली की घरात सगळ्यांना रडू यायचं. रिचार्ज संपला, कोणी मारला नाही. मेलेल्या माणसाच्या फोनला रिचार्ज कशाला, असं मीच म्हटलं. सहा-सात महिन्यांनी लेकीला आठवलं, की बाबांच्या फोनमधले फोटो त्यांच्या गूगलच्या खात्यात असतील. लेकीच्या बारशापासूनचे, पंढरीच्या वारीचे. खातं उघडायला गेलो, तर ते म्हणालं, तुमच्या मोबाईलवर नंबर पाठवतो, तो टाका. सिम घातलं तर बंद. त्या नंबरवर फोन लावला, तर पलीकडून कोणी अनोळखी माणूस बोलला. नंबर दुसऱ्याला गेला होता.

त्याचं काही चुकलं नव्हतं. नियमच तसा आहे. एखादं प्रीपेड सिम ९० दिवस अजिबात वापरलं नाही, तर कंपनी ते बंद करू शकते आणि पुढे तो नंबर दुसऱ्याला देऊ शकते. ते फोटो आम्हाला मिळाले नाहीत. गूगल घरच्यांना मृताचा पासवर्ड सांगत नाही. दाखले जोडून माहितीसाठी अर्ज करता येतो, पण ती मिळेलच असं नसतं. आणि दोन वर्षं कोणीच न वापरलेलं खातं ते पुसूनही टाकू शकतात. म्हणून माझं सांगणं, घरात कोणी गेलं तर पहिले काही महिने त्यांचा नंबर जिवंत ठेवा. मृत्यूचा दाखला आणि वारसाची कागदपत्रं घेऊन कंपनीच्या दुकानात गेलं, की तो नंबर वारसाच्या नावावर करून घेता येतो. ते लवकर करा. रिचार्जचे दोन-तीनशे रुपये त्या वेळी फुकट गेल्यासारखे वाटतात, पण पुढची सगळी कुलपं त्या नंबरवरच उघडतात.

आता बँकेचं. हे नीट ऐका, कारण इथं कॉम्प्युटरचा नियम चालत नाही. डेअरीचं बिल मालकांच्या खात्यात जमा झालं होतं, आणि लोक दारात उभे होते. पुतण्या म्हणाला, "काकू, काकांचा एटीएमचा पिन मला माहिती आहे. काढून आणतो आणि वाटून टाकू." हेतू चांगलाच होता. पण आमच्या गावच्या बँक सखीनं अडवलं. ती म्हणाली, कॉम्प्युटर घरातली वस्तू आहे, वारसांनी मिळून उघडला तर हरकत नाही. खातं म्हणजे तसं नाही. माणूस गेला की त्याचा पिन, त्याचं कार्ड, त्याच्या फोनवरचं पैसे पाठवायचं ॲप, हे कोणीच वापरायचं नसतं, बायकोनंही नाही. वापरलं आणि दुसऱ्या वारसानं तक्रार केली, तर आपण गुन्हेगार ठरतो. बँकेला कळवायचं आणि दावा करायचा, हाच रस्ता.

त्याला पासवर्ड लागतच नाही. मृत्यूचा दाखला, दाव्याचा अर्ज आणि नॉमिनीचं ओळखपत्र लागतं. सगळे कागद पोचल्यापासून १५ दिवसांत बँकेनं दावा निकाली काढायचा असतो. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करून घ्या आणि दाखल्याच्या दहा-बारा प्रती जवळ ठेवा, जागोजाग लागतात.

बँकेत गेल्यावर मला आणखी एक कळलं. नॉमिनी मी नव्हतेच. खातं लग्नाआधीचं, त्यामुळे नॉमिनी सासूबाई. मनात कडू आलं, खोटं कशाला बोलू. पण साहेबांनी समजावलं, की नॉमिनी म्हणजे पैशाचा मालक नव्हे. त्यानं पैसे ताब्यात घ्यायचे आणि वारसांना द्यायचे. सासूबाईंनी सही केली, पैसे आले, आणि त्यांच्याच हातानं आम्ही देवळात लोकांचा पगार वाटला. ज्या म्हातारीनं तेराव्याला विचारलं होतं, तिला पहिला दिला.

त्याच पासबुकात बँक सखीला मे महिन्यातली एक नोंद दिसली, ४३६ रुपये कापलेले. ती म्हणाली, ताई, हा जीवन ज्योती विम्याचा हप्ता आहे, २ लाखांचा दावा करा. मला त्याची गंधवार्ता नव्हती. म्हणजे बघा, आम्ही कुलूप लावलेल्या पेटीभोवती फिरत होतो, आणि एक मोठी गोष्ट उघड्या पासबुकात पडलेली होती. म्हणून कॉम्प्युटर उघडत नसला तर हातपाय गाळू नका. आधी घरातले कागद बघा. पासबुक, डायरी, पाकिटं, टेबलाचा खण. दुधाची बिलं डेअरीकडे असतात, खताची नोंद दुकानदाराकडे असते, कर्जाची सोसायटीत असते. बरंच काही पासवर्डशिवाय मिळतं.

आणखी एक. मी माझ्या जुन्या कॉम्प्युटरचं सांगितलं. आता जे नवे लॅपटॉप येतात, त्यातल्या बऱ्याच जणांत आतल्या फडताळांनाही कुलूप असतं. पेटी काढून दुसरीकडे जोडली, तर ती ४८ आकडी चावी मागते. ती चावी नसेल तर चांगल्यातला चांगला कारागीरही काही करू शकत नाही. ती बहुतेक वेळा त्या माणसाच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली असते, किंवा त्यानं कुठं छापून ठेवलेली असते. आणि ते खातं उघडायला पुन्हा त्याचा ईमेल आणि त्याचा मोबाईल नंबर लागतो. म्हणजे फिरून आपण सिमवरच आलो. माझं नशीब, आमचा कॉम्प्युटर जुना होता. तुमचा नवा असेल तर नशिबावर राहू नका.

मग करायचं काय? ते आपल्याला कोणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. आपल्या गटाच्या पेटीचं काय करतो आपण? पेटी एकीच्या घरी, चावी दुसरीच्या घरी. का? पेटीवालीवर विश्वास नाही म्हणून? नाही. एक आजारी पडली, माहेरी गेली, उद्या तिचं काही बरंवाईट झालं, तरी गट थांबू नये म्हणून. शंभर रुपयांच्या बचतीसाठी एवढा विचार आपण पहिल्याच बैठकीत करतो. आणि ज्या कॉम्प्युटरमध्ये सगळ्या घराचा हिशेब आहे, त्याची पेटीही एकाकडे आणि चावीही त्याच्याच डोक्यात.

म्हणून आज घरी गेल्यावर हे बोला. भीत भीत बोलू नका. "तुम्हाला काही झालं तर" असं म्हणू नका, कोणालाही ते आवडणार नाही. "मला काही झालं तर" अशी सुरुवात करा. आधी आपलं सांगा, मग त्यांचं विचारा.

एक कागद घ्या. त्यावर कॉम्प्युटरचा पासवर्ड, फोन उघडायचा नंबर, ईमेल कोणता आणि त्याचा पासवर्ड, लॅपटॉप नवा असेल तर ती ४८ आकडी चावी, खाती कोणकोणत्या बँकेत, विमे कोणते, कोणाकडून येणं आणि कोणाचं देणं हे लिहा. एटीएमचा आणि पैसे पाठवायचा पिन मात्र लिहू नका. तो माणूस असेपर्यंत त्याचा, आणि गेल्यावर कोणाच्याच कामाचा नाही. कागद पाकिटात घाला, चिकटवा, चिकटवलेल्या जागेवर सही करा. पाकीट फोडलेलं असेल तर कळेल. ते कपाटात ठेवा, आणि कुठं आहे ते घरातल्या दोघांना सांगा. पासवर्ड बदलला की पाकीट बदला. दर दिवाळीला, साफसफाईच्या वेळी ते एकदा बघायचं असं ठरवलंत तर विसरणार नाही.

गूगलच्या खात्यातच एक सोय आहे. खातं इतके महिने बंद दिसलं, तर माझी माहिती ह्या ह्या माणसाला द्या, असं आधीच सांगून ठेवता येतं. ३ महिन्यांपासून १८ महिन्यांपर्यंत मुदत निवडता येते, आणि १० जणांपर्यंत नावं देता येतात. कॉलेजला जाणाऱ्या लेकीला नाहीतर लेकाला म्हणा, दहा मिनिटांत करून देईल. आणि खात्यावर नॉमिनी कोण आहे ते याच महिन्यात बँकेत जाऊन बघा. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँकेच्या खात्याला चार नॉमिनी लावता येतात. सासूबाईंचं नाव काढायची गरज नाही, आपलं लावून घ्यायची आहे.

शेवटचं, आपल्या गटाबद्दल आणि ग्रामसंघाबद्दल. आपली बरीच माहिती आता टॅबवर, मोबाईलवर भरली जाते. भरणारी सखी एक, पासवर्ड तिलाच माहीत. तिच्यावर आपला पूर्ण विश्वास आहे, पण तिचं लग्न ठरेल, बाळंतपण येईल, दुखणं येईल. तेव्हा आमच्या गटानं ठराव केला आहे. पासवर्ड पाकिटात घालून गटाच्या पेटीत ठेवायचा, दर महिन्याच्या नोंदींची एक छापील प्रत फायलीत लावायची, आणि हाताने लिहायची रोजकीर्द बंद करायची नाही. वहीला पासवर्ड लागत नाही. तुम्हीही तुमच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, इतिवृत्तात लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या.

दूध केंद्र आता मी चालवते. त्याच टेबलावर, त्याच कॉम्प्युटरवर बसते. त्याचा पासवर्ड माझ्या लेकीला माहीत आहे, आणि पाकीट कुठं आहे ते सासूबाईंना माहीत आहे. सकाळी पहिली नोंद अजून 'घर, अर्धा लिटर' हीच असते. आता ती मी टाकते.